धवलेरीची दहा मिनिटं

जव्हार, जि. ठाणे
बुधवार, ३ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. भानूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तिळाच्या वड्या पोचल्या. टपालात त्यांचा पार भुगा झाला होता, पण चमच्याने खाल्ला आणि तुला दुवा दिला.

आता कामाचं. यंदाचा काव्यमेळा शनिवारी २७ आणि रविवारी २८ तारखेला ठरला आहे. तीन वर्षं तू येते येते म्हणतेस आणि मी इथे गादी उन्हात घालून वाट बघते. या वेळी सबबच उरू नये म्हणून सगळं लिहून पाठवते. नाशिकहून सकाळची गाडी धर. त्र्यंबक मागे पडलं की घाट लागेल, तेव्हा पुढच्या बाकावर बैस आणि आवळासुपारी तोंडात ठेव. मोखाड्याला गाडी बराच वेळ थांबते. तिथला चहा घेऊ नकोस, त्याला धुराचा वास येतो. पाय मोकळे कर आणि परत आपली जागा धर. इथे स्टँडवर माघ्या उभा असेल. तुझ्या दादांच्या दवाखान्यात पट्टेवाला होता तोच. आता आमची बाग बघतो. केस पांढरे झालेत त्याचे, ओळखायची नाहीस. शाल आण, रात्री इथे अजून गारवा आहे.

मेळा वाचनालयाच्या पटांगणात असतो. मांडवात डावीकडे तिसऱ्या रांगेत बसायचं. उजवीकडे कडुनिंब आहे आणि त्यावर कावळे आहेत. गेल्या वर्षी एका कवीच्या कोटावर भर कवितेत प्रसाद पडला. शनिवारी दुपारी शाळेतल्या मुलींचं पाठांतर, ते चुकवू नकोस. त्यानंतर कचेरीतल्या कारकुनांची समस्यापूर्ती. यंदाची ओळ उशिरा येणाऱ्या एस.टी.वर आहे, तेव्हा सगळे तळमळीने लिहिणार. संध्याकाळी अध्यक्षांचं भाषण, त्या वेळात आपण दोघी दरीच्या तोंडाशी सूर्यास्त बघायला जाऊ. अध्यक्ष म्हणजे आपले रावसाहेब टिपणीस, पूर्वीचे मामलेदार. संस्थान विलीन होऊन सहा वर्षं झाली, पण रावसाहेबांच्या आवाजात अजून दरबार भरतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट रविवारी सकाळी दहाला. जामसरची राही गाणार! वारल्यांच्या लग्नांत गाते ती धवलेरी. दोन वर्षं मी समितीत भांडत होते की डोंगरात एवढी गाणी असताना आपण फक्त कोटवाल्यांना का ऐकायचं. रावसाहेब अखेर वैतागून म्हणाले, बरं, द्या दहा मिनिटं, पण व्यासपीठावर आणि घंटेप्रमाणे. घंटा माझ्याकडेच असते. मुंबईहून येणारे प्रोफेसरही खास तिच्यासाठी यायला कबूल झालेत.

राहीला विचारायला मी जामसरला गेले होते. इतकी वर्षं इथे काढून तिचं भरभर बोलणं मला अर्धंच कळतं, म्हणून तुळशीला बरोबर नेलं. तुळशी माघ्याची बायको असली तरी माझ्या स्वयंपाकघराची खरी मालकीण, हे तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, विचार तिला, अठ्ठावीस तारखेला लग्नाचं गाणं गायला येशील का. दोघी खूप वेळ बोलल्या, मध्ये हसल्या, आणि तुळशी मला म्हणाली की येते म्हणते. मी म्हटलं, एवढ्या बोलण्याचं एवढंच? तर म्हणे, हो बाई, एवढंच.

तेव्हापासून तुळशीही फार खुशीत आहे. मागच्या खोलीची भिंत शेणाने सारवली, वर गेरू दिला. मेळ्याचा उत्साह घरातल्या भिंतीपर्यंत पोचलाय, बघ.

वकीलसाहेबांना नमस्कार. तुझ्या होकाराची वाट पाहणारी,
तुझी वहिनी,
हेमलता

---

नाशिक
सोमवार, ८ फेब्रुवारी १९५४

ती. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुला तू म्हणते म्हणून सासूबाई अजून डोळे वटारतात. त्यांना काय ठाऊक की माझी वहिनी व्हायच्या आधी कॉन्व्हेंटात तू माझ्या वेण्या घालायचीस. आणि ओढायचीस!

पत्र वाचलं आणि लगेच पेटी काढली. येते, येते, येतेच. आमच्या लेकीला, शालनला, आठवा संपत आलाय, पण डॉक्टरीण म्हणते मार्चच्या मध्याआधी काही नाही. तोवर दोन दिवस जव्हारची हवा खाऊन परत येईन.

एक अडचण आहे आणि ती रोज माझ्या समोर जेवायला बसते. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं ही माझी चूक. काव्यमेळा हा शब्द ऐकल्याबरोबर आमच्या वकीलसाहेबांनी जुनी वही काढली. त्यांचं ते दमयंतीवरचं खंडकाव्य आठवतं ना? कॉलेजात असताना चाळीस कडवी होती. आता चौऱ्याऐंशी झालीत. कोर्टात तारीख पडली की हे कडवं रचतात, आणि तारखा तर तुला ठाऊकच आहेत. त्यांना कुठेतरी बसव, वहिनी. दहा मिनिटं म्हटलंस तरी चालेल, तुझ्या घंटेला ते नक्की घाबरतील.

दहा मिनिटं वाचून मला आपल्या मदर आठवल्या. हात पाठीमागे, हनुवटी वर, आणि टेबलावर टिचकी वाजली की ओळ अर्धी असली तरी खाली बसायचं. मी एकदा घाबरून शेवटची चार कडवी आधीच म्हणून टाकली होती, आणि तू मागच्या बाकावरून हसलीस म्हणून दोघींना शिक्षा. तू आता स्वतःच मदर होऊन बसलीस हे मदरना कळलं असतं तर किती बरं वाटलं असतं.

तुझ्या राहीबद्दल फार उत्सुकता वाटते. लग्न नसताना लग्नाचं गाणं कसं गाते ते बघायचंय. आमच्याकडे मंगलाष्टकं उगीच कोणी म्हणत नाही म्हणून विचारलं, दुसरं काही नाही.

तुळशीसाठी नाशिकची द्राक्षं आणते. माझ्या वेण्यांवरचा तुझा हक्क अबाधित आहे, माया तशीच ठेव.

तुझी,
भानू

---

जव्हार
रविवार, १४ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. भानूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी हसून सोडून दिली होती. लग्न नसताना लग्नाचं गाणं कसं गाते, म्हणून तू विचारलंस. आज त्याच ओळीने माझी झोप उडवली आहे.

सकाळी मी हँडबिलं मोजत ओटीवर बसले होते, तेवढ्यात तुळशीचा भाऊ नवसू खोडाळ्याहून आला. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात दोन कोंबड्या. मला बघून गाठोडं खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला की बाईंनी चांगलं केलं, आमच्यानं अठरा वर्षांत झालं नाही ते बाईंनी केलं. मी विचारलं, काय केलं बाबा मी? तो हसायलाच लागला. बाई थट्टा करतात असं वाटलं त्याला.

भानू, तुळशी आणि माघ्याचं लग्न लागलेलं नाही. म्हणजे संसार आहे, अठरा वर्षांचा आहे, त्यांची लेक सोमी सतरा वर्षांची झाली. त्यांच्यात असं चालतं, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. बाई घरी येते, नांदते, आणि लग्नाचं सगळं जमेल तेव्हा लग्न लागतं. यांचं राहून गेलं. एका वर्षी पाऊस, एका वर्षी माघ्याची आई, मग ह्यांचं आजारपण, तेव्हा दोघं दिवसरात्र आमच्याच उशाशी होती. पण आई-बापांचं लग्न लागल्याशिवाय मुलीचं लागत नाही. सोमीला खोडाळ्याच्या लक्ष्याकडून मागणी आली आहे, मुलगा मनासारखा आहे, आणि मुलाकडचे दुसरा पावसाळा काही थांबायचे नाहीत. आणखी एक गोष्ट मला आज कळली. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तो लग्न लागलेल्या बायकाच काढतात. तुळशीचा हात इतका सुंदर, माझ्या अंगणातली तिची नक्षी तू पाहिली आहेस. पण जातीच्या एकाही लग्नात तिने आजवर चौकाला बोट लावलेलं नाही. लांब बसून बघते.

त्यांच्यात भटजी नसतो. धवलेरी गाते, देवांना एकेक करून बोलावते, आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. ते गाणं ऐकायला म्हणून नसतंच. धवलेरी ये म्हटलं की त्याचा अर्थ घरी लग्न आहे. आणि डॉक्टरांच्या बंगल्यावर लग्न राहिलेलं जोडपं एकच. जामसरपासून खोडाळ्यापर्यंत सगळ्यांनी ओळखलं की बाई तुळशीचं लग्न लावतात. ओळखलं नाही ते फक्त मी. मागची भिंत मेळ्याच्या उत्साहाने सारवली असं मी तुला लिहिलं होतं, ते वाचून आता लाज वाटते.

आता माझी कोंडी बघ. रविवारी दहाला राही व्यासपीठावर, हे चारशे हँडबिलांत छापलं आहे. प्रोफेसर त्यासाठी येताहेत. ती आली नाही तर रावसाहेब डोंगरातल्या माणसांचं नाव पुन्हा मेळ्यात काढू देणार नाहीत, ते वाटच बघत आहेत. आणि तिला व्यासपीठावर आण म्हटलं, तर तुळशीच्या आयुष्यातलं एक लग्न मोडतं, आणि सोमीचं दुसरं. शिवाय मी न केलेल्या चांगुलपणाबद्दल लोक मला हात जोडतात, ते घशाखाली उतरत नाही. तुळशीला खरं कसं सांगू?

दोन ओळी लगेच लिही. तुझ्या डोक्याचा आधार वाटतो.

तुझी गोंधळलेली,
वहिनी

---

नाशिक
बुधवार, १७ फेब्रुवारी १९५४

ती. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी. शालनने डॉक्टरणीचं ऐकलं नाही. काल पहाटे मुलगी झाली, महिनाभर आधी, पण गुटगुटीत आहे आणि आवाज रावसाहेबांसारखा. दोघी सुखरूप. आता मी हलू शकत नाही, तुझी गादी पुन्हा रिकामी. रागावू नकोस, आजी झालेय मी!

वकीलसाहेब मात्र येतात. वही, शाल, आवळासुपारी सगळं बांधून दिलंय. त्यांच्या पेटीत वरच एक हिरवं लुगडं आहे, ते तुळशीला. नवरीला नेसव. बाळाचं अंगडं म्हणून ते कोणाला देऊन बसतील, म्हणून आधीच लिहिते.

आता तुझं. वहिनी, वकिलाची बायको आहे मी, पंचवीस वर्षं जेवताना उलटतपासण्या ऐकल्यात. तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. त्या दिवशी जामसरला राहीशी बोललं कोण? तू एक वाक्य बोललीस. पुढचं सगळं तुळशी बोलली. दोघी हसल्या, असं तुझ्याच अक्षरात आहे. तू काय काय समजावत बसणार आहेस तिला? आधी तिला विचार.

आणि कोंडी कसली? मेळा पुढच्या वर्षी पुन्हा भरेल. रावसाहेबांचा राग त्यांच्या भाषणाएवढाच लांब असतो, तेवढा वेळ सूर्यास्त बघावा असं तूच शिकवलंस मला. तुळशीने दादांच्या आजारात काय केलं ते मी विसरलेले नाही. त्या दिवसांत मला घास भरवायचीही तीच.

हे पत्र अंगाई म्हणत लिहिलंय, अक्षर हलतंय. तुझ्या धीराची मला खात्री आहे.

तुझी,
भानू (आजी)

---

जव्हार
रविवार, २१ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. भानूआजीस,
अनेक आशीर्वाद, आणि छोटीला पापा. वि. वि.

तू वकिलाशी लग्न केलंस ते बरं केलंस.

तुझं पत्र पदराखाली घेऊन मी मागे गेले. तुळशी उखळात तांदूळ कांडत होती. मी म्हटलं, तुळशी, मला तुला एक सांगायचंय, माझ्याकडून मोठी चूक झाली. तिने मुसळ थांबवलं नाही. म्हणाली, ठाऊक आहे बाई. मी म्हटलं, काय ठाऊक आहे? म्हणाली की तुमाला लगीन नव्हतं लावायचं, गानं ऐकायचं होतं. मग सांगितलं. राहीने त्या दिवशी विचारलं होतं, कोनाचं लगीन? तुळशीने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे बघत होते म्हणे, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, माजं. राही म्हणाली, एकदाचं! आणि दोघी हसल्या.

मी म्हटलं, अगं मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, तुमी इचारलं नाय. आणि मग मुसळ ठेवून, डोळ्यांत पाणी घेऊन म्हणाली की बाई, सोमीच्या लग्नात तिच्या चौकाला मला हात लावू देतील का, एवढंच डोक्यात होतं. तुमचा मांडव मोडत असेल तर नवसूला परत पाठवते. ती खरंच पाठवणार होती, भानू. तांदूळसुद्धा बांधायला घेतले.

मी तांदूळ सोडले. माझ्या हातून एवढं तरी झालं.

मग जामसरला गेले, या वेळी एकटी. अर्धं कळलं तर अर्धं, पण बोलावणं घरधनिणीने स्वतः द्यायला हवं. राहीला सगळं खरं सांगितलं. ती काही रागावली नाही, लग्न खरं आहे ना, एवढंच विचारलं. मी भीतभीत विचारलं की साधारण किती वेळ लागेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला मदरसमोर उभी असल्यासारखं वाटलं. देव लांबून येतात, म्हणाली. कुनी डोंगरावरून, कुनी समुद्रातून. आल्याबिगर त्यांना बस कसं म्हनू? आणि एक अट घातली. लग्नघरी रिकामं कोणी बसत नाही. ज्याला यायचं त्याने यावं, पण हाताला काम घ्यावं.

रावसाहेब भडकले. म्हणाले की हेमलताबाई, तुम्ही मेळ्याची चेष्टा करता, व्यासपीठावर येत नसेल तर पुढल्या वर्षीपासून हा विषय बंद. मी म्हटलं, बंद तर बंद. त्यांना अशा उत्तराची सवय नाही, ते पाणी प्यायले. दहाच्या जागेवर मी तुझ्या वकीलसाहेबांचं नाव घातलंय. घंटा माझ्याकडे नसेल, म्हणजे चौऱ्याऐंशी कडव्यांना मैदान मोकळं.

कालपासून बसून चारशे हँडबिलांवर हाताने दुरुस्ती करतेय: राही, जामसर, स्थळ डॉक्टरांच्या बंगल्यामागे, वेळ लग्न लागेपर्यंत, येणाऱ्याने कामाच्या तयारीने यावे. बोटं दुखतात. कोणी येईल असं वाटत नाही, आणि आलं नाही तरी चालेल.

तुझी आठवण पावलोपावली काढणारी,
वहिनी

---

जव्हार
मंगळवार, २ मार्च १९५४

चि. सौ. भानूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र वकीलसाहेबांबरोबरच देते, म्हणजे तुला बातमी आणि बातमीदार एकदमच मिळतील. ते सांगतील की त्यांचं काव्य शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकलं गेलं. तू मान हलव. त्यात खोटं काही नाही, शेवटच्या कडव्याला तीन माणसं होती असं वाचनालयाचा शिपाई सांगतो, आणि त्यांतला एक जागा होता. बाकीची कुठे गेली तेच सांगायला बसले आहे.

शनिवारचं सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. मुलींनी पाठांतर गोड केलं. समस्यापूर्तीत पहिला नंबर एस.टी.च्याच कंट्रोलरला मिळाला, आणि बक्षीस घ्यायला तो उशिरा आला. पण माझं लक्ष मागच्या खोलीत होतं. शेजारच्या पाड्यांवरून चार बायका आल्या होत्या, त्यांनी भिंतीवर चौक काढायला घेतला होता. तांदळाचं पीठ कालवलेलं, बांबूची काडी चावून केलेली लेखणी. तुळशी नवरी, म्हणून तिने बघायचं नसतं. ती पाठ करून बसली होती आणि पाठ करूनच सांगत होती की डावीकडची रेघ जाड आली असेल. खरंच आली होती.

रविवारी सकाळी राही आली. तिने गायला सुरुवात केली तेव्हा नवसूची माणसं, मी आणि कोंबड्या, एवढेच होतो. आवाज काही गोड नाही, भानू. जुन्या दारासारखा आहे. पण ती एकेका देवाला वाट सांगते, नदी कुठे उतरायची, कोणत्या झाडापाशी वळायचं, आणि ऐकताना आपणच उठून सामोरं जावं असं वाटतं. मी आयुष्यभर कविता पाठ केल्या आणि म्हटल्या. कोणाला एवढ्या लांबून चालत आणलेलं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

साडेदहाला पहिली माणसं आली, शाळेतल्या दोन शिक्षिका. राहीने गाता गाताच बोट केलं आणि त्या कांदे चिरायला बसल्या. मग कारकून आले, त्यांना पाणी भरायला लावलं. मग मांडवातून रांगच लागली. मुंबईचे प्रोफेसर आले, वही काढून ऐटीत बसले. राहीने एका बाईला खूण केली, तिने वही काढून घेतली आणि हातात सूप दिलं. दुपारपर्यंत ते तांदूळ पाखडत होते. निम्मे जमिनीवर सांडले, पण मी एवढा आनंदी प्रोफेसर कधी पाहिला नाही.

आणि पाच वाजता रावसाहेब आले. काठी टेकत, भुवया चढवून, माणसं परत न्यायला. फाटकाशी उभे राहिले. राहीने त्यांच्याकडे पाहिलं, गाणं तसंच चालू, आणि नवरा-नवरीच्या मध्ये धरायच्या कापडाचं एक टोक त्यांच्यासमोर धरलं. मामलेदारांनी आजूबाजूला पाहिलं. दुसरं टोक नवसूच्या हातात होतं. अख्खी समिती कांद्यातून डोकं वर काढून बघत होती. मग त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि टोक धरलं. पाऊण तास हलले नाहीत. कापडाचं टोक खाली येऊ लागलं तेव्हा नवसूने म्हटलं, देतो कोणाला तरी. तर म्हणाले, तुम्ही तुमचं सांभाळा.

लग्न लागलं तेव्हा सहा वाजले होते. तुझं हिरवं लुगडं तुळशीला काय शोभलं म्हणून सांगू! माघ्या एवढा लाजत होता की सोमीलाच त्याला पुढे ढकलावं लागलं. लक्ष्याच्या घरचे हजर होते. अंगणातच पाडव्यानंतरची तिथी बघितली आणि सोमीचंही ठरलं.

निघताना प्रोफेसरांनी राहीला नमस्कार केला आणि तुळशीमार्फत विचारलं की मेळा कसा वाटला. राही सकाळी येताना क्षणभर मांडवात डोकावली होती. तिने विचारलं, तुमचे एवढे जण गायले, मग त्यातून काय झालं? प्रोफेसर परतीच्या गाडीत बसेपर्यंत त्याचं उत्तर शोधत होते. रावसाहेबांनी मात्र काल बैठकीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं की पुढील वर्षाची तारीख जामसरला विचारून मगच छापावी. खाली सही, लफ्फेदार.

काल सकाळची एक गोष्ट सांगते आणि थांबते. मी उठले तर स्वयंपाकघर थंड. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मग आठवलं, अंगाची हळद उतरेपर्यंत नवरीने चुलीला हात लावायचा नाही, राही बजावून गेली होती. वकीलसाहेबांनी चूल फुंकली, डोळे लाल करून घेतले, आणि मी चहा केला. कपबशी घेऊन मागे गेले. तुळशी नव्या लुगड्यात, हळदीने पिवळी, आपल्या चौकाखाली बसली होती. उठायला लागली, मी बसवलं. तिने सगळा चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. माझ्यासमोर, बसून, पहिल्यांदाच. मग बशी खाली ठेवून अगदी हळू म्हणाली की बाई, उद्या साखर थोडी कमी.

गवळ्याला मी तिच्या चहासाठी रोजचं जास्तीचं दूध सांगून ठेवलंय.

सोमीच्या लग्नाला तू यायचंस, छोटीला घेऊन, हे विनंती म्हणून लिहीत नाही.

तुझी चहावाली,
वहिनी